धावणाऱ्यांचे आकडे

जुन्नर गावापासून सुमारे पाच किलोमीटरांवर, कुकडी नदी ओलांडली म्हणजे लेण्याद्रीचा डोंगर लागतो. डोंगराच्या दक्षिणेकडील कड्यात सुमारे तीस लेणी एका ओळीने कोरलेली आहेत. त्यांतील सातवे लेणे हा येथील सर्वांत मोठा विहार असून त्यातच गिरिजात्मज गणपतीचे देवस्थान आहे. पायथ्यापासून लेण्यांपर्यंत चढून जावयास दगडी पायऱ्या आहेत. शाळेची सहल तेथे गेली, की मुलांचा एक उद्योग ठरलेला असे. प्रत्येक जण पायऱ्या मोजीत वर जाई आणि वर पोहोचताच वादास तोंड फुटे. पाच मुलांचे पाच आकडे! मोठ्या माणसांचेही ह्याहून निराळे नाही. कोणी ह्या पायऱ्या २८३ सांगतो, कोणी ३०७.

ह्यांत खोटे कोण बोलतो? बहुधा कोणीच नाही. एकाने कमानीच्या आतील पहिल्या पायरीपासून आरंभ केलेला असतो, तर दुसऱ्याने त्याच्या आधीच्या पायऱ्याही धरलेल्या असतात. मध्ये विसाव्यासाठी सपाट जागा लागतात. एक जण त्यांस पायरी मानतो, दुसरा मानीत नाही. मोजणी दोघांचीही बरोबर असते. परंतु दोघांनी मोजलेली वस्तू एक नसते. हा भेद तुम्ही नीट ध्यानात धरावा, कारण पुढे मला जे सांगावयाचे आहे ते सारे ह्या भेदावरच उभे आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. आकड्यांचा आणि आपल्या जुन्नरच्या मुलखाचा संबंध फार जुना आहे. येथून पश्चिमेस नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहनांच्या काळचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. राजघराण्याने केलेल्या यज्ञांत किती गायी, किती घोडे, किती नाणी दान दिली हे त्यात अंकांनी लिहिले आहे. आपल्या देशातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्याची गणना होते. नुसते ‘पुष्कळ दान दिले’ असे लिहून त्या लोकांचे समाधान झाले नाही. किती दिले ते त्यांनी नेमके लिहिले.

आता आपल्या विषयाकडे वळू. शाळाशाळांमध्ये क्रॉसकंट्री नावाची एक शर्यत होते. गोल आखलेल्या मैदानावरची ही धाव नव्हे. शेताच्या बांधावरून, माळावरून, चढ चढून, उतार उतरून, क्वचित ओहोळ ओलांडून चार-सहा किलोमीटर धावावयाचे असते. ह्या शर्यतीत एक मुलगा पहिला येतो, त्याचे कौतुक होते, हे खरे. पण तिचे वैशिष्ट्य निराळेच आहे. येथे एकट्याच्या विजयाबरोबर संघाचाही विजय ठरवावयाचा असतो. धावावयाचे एकेकट्याने, आणि जिंकावयाचे सर्वांनी मिळून!

संघाचा विजय कसा ठरवितात? तुम्ही म्हणाल, सर्वांना लागलेल्या वेळेची बेरीज करावी. तसे करता येईल. परंतु ह्या खेळात पूर्वीपासून दुसरीच रीत चालत आली आहे. जो धावक ज्या क्रमांकाने पोहोचला तेवढे त्याचे गुण धरावयाचे. पहिल्यास १, दुसऱ्यास २, दहाव्यास १०. संघातील ठरावीक धावकांच्या गुणांची बेरीज करावयाची, आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. परीक्षेत जास्त गुण मिळविण्याची सवय लागलेल्या तुमच्यासारख्यांना हे उफराटे वाटेल. पण थोडा विचार केलात तर त्यातील चतुराई दिसेल.

समजा, दोन शाळांचे पाच-पाच धावक आहेत. पहिल्या शाळेचे तिघे पहिला, दुसरा आणि तिसरा आले, परंतु उरलेले दोघे तिसावा व एकतिसावा आले. दुसऱ्या शाळेचे पाचही जण आठवा, नववा, दहावा, अकरावा आणि बारावा असे ओळीने आले. पदके गळ्यात घालून मिरवतील ते पहिल्या शाळेचे तिघे. पण बेरीज करून पाहा. १, २, ३, ३० व ३१ मिळून ६७ होतात. ८, ९, १०, ११ व १२ मिळून ५०. चषक दुसऱ्या शाळेचा! तिच्या एकाही मुलाचे नाव कोणी टाळ्यांच्या गजरात उच्चारले नसेल, तरीही. अशा शर्यतीत पाचव्या मुलाचे मोल पहिल्यापेक्षा तसूभरही कमी नसते. पहिल्याने आपला क्रमांक सुधारावा म्हटले तर त्याच्यापुढे जागाच नसते. पाचव्याने मात्र अखेरच्या चढावर दहा जणांना मागे टाकले तर संघाचे दहा गुण कमी होतात.

किती धावकांचे क्रमांक धरावयाचे ह्याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. अमेरिकेतील शाळांत सात धावतात व पाचांचे क्रमांक धरतात. जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धा १९७३ साली बेल्जममधील वारेगेम गावी प्रथम झाली. तेथे आता सहा जण धावतात आणि चौघांचे क्रमांक मोजले जातात. मोजणीबाहेरच्या धावकांना काहीच काम नसते असे समजू नका. त्यांनी दुसऱ्या संघाच्या धावकास मागे टाकले तर त्या संघाचे गुण वाढतात.

ह्या बेरजेत आणखी एक सोय आहे. समजा पाच शाळांचे पाच-पाच, म्हणजे पंचवीस धावक आहेत आणि सर्वांचे क्रमांक मोजावयाचे आहेत. मग १ पासून २५ पर्यंतचे सर्व अंक कोठल्या ना कोठल्या शाळेच्या वाट्याला गेलेच पाहिजेत. त्या अंकांची बेरीज २५ गुणिले २६ भागिले २, म्हणजे ३२५. पाचही शाळांच्या गुणांची एकूण बेरीज ३२५ आली नाही, तर लिहिताना कोठे तरी चूक झाली आहे हे नक्की. निकालपत्रक हाती आले, की मी विजेत्याचे नाव वाचण्यापूर्वी ही बेरीज करून पाहत असे. शिक्षकांना त्याचा थोडा कंटाळा येई, परंतु मला ती सवय सोडवली नाही.

ह्या पद्धतीची खरी कसोटी पाहावयाची तर शंभर वर्षे मागे जावे लागेल. १९२४ साली पॅरिस येथे ऑलिम्पिक सामने झाले. त्या वेळी क्रॉसकंट्रीचा समावेश ऑलिम्पिकमध्ये होता. १२ जुलैच्या त्या दिवशी उन्हाचा ताप इतका होता, की पारा ४० अंशांच्या वर गेला होता. ३८ धावक निघाले; त्यांपैकी अवघे १५ शर्यत पुरी करू शकले. बाकीचे वाटेतच थांबले, काही तर कोसळले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी पहिला आला आणि त्याचाच देशबांधव व्हिले रिटोला दुसरा. परंतु संघाच्या निकालासाठी प्रत्येक देशाचे तीन धावक पोहोचणे आवश्यक होते. फिनलंडचा तिसरा धावक हाइकी लीमाताइनेन अजून मागेच होता. उन्हाने त्याचे भान हरपत चालले होते. अखेर तो लडखडत कसाबसा शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचला. पंधरा जणांत त्याचा क्रमांक बारावा लागला.

केवळ तीन देशांचे तिघे-तिघे पोहोचले. गणतीत न येणारे धावक वगळून ह्या नऊ जणांना १ ते ९ असे क्रमांक देण्यात आले. फिनलंडचे क्रमांक १, २ व ८, बेरीज ११. अमेरिकेचे ३, ५ व ६, बेरीज १४. फ्रान्सचे ४, ७ व ९, बेरीज २०. आता मघाची युक्ती लावून पाहा. ११, १४ व २० मिळून ४५. आणि ९ गुणिले १० भागिले २ हेही ४५. निकालपत्रक बरोबर आहे!

ह्या आकड्यांकडे आणखी क्षणभर पाहावे. लीमाताइनेन आठवा न येता शेवटचा, म्हणजे नववा आला असता तर काय झाले असते? फिनलंडची बेरीज १२ झाली असती. अमेरिकेच्या १४ पेक्षा ती कमीच. सुवर्णपदक तरीही त्यांचेच होते. परंतु तो वाटेत बसला असता, तर नुर्मी आणि रिटोला पहिला-दुसरा येऊनही फिनलंडचा संघच पुरा झाला नसता आणि पदक अमेरिकेकडे गेले असते. ह्या अभाग्याने कितवे यावे ह्यास फारसे महत्त्व नव्हते. त्याने यावे ह्यास मात्र होते. त्या शर्यतीतील माणसांचे हाल पाहून लोक इतके हळहळले, की त्यानंतर क्रॉसकंट्री ऑलिम्पिकमधून काढून टाकण्यात आली.

क्रमांकांच्या बेरजेत एक उणीवही आहे, ती लपविण्याचे कारण नाही. पहिल्या व दुसऱ्या धावकांत एका सेकंदाचे अंतर असो वा एका मिनिटाचे, क्रमांक १ व २ असेच राहतात. अंतर किती होते हे क्रमांक सांगत नाही. ते जाणावयाचे असेल तर वेळ पाहिली पाहिजे. आणि वेळ पाहू लागलो, की दुसऱ्या अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण सरासरीची. समजा एका संघातील पाच मुलांना १६, १७, १७, १८ आणि ३२ मिनिटे लागली. शेवटच्या मुलाचा पाय मुरगळला होता आणि तो लंगडत आला. बेरीज १००, सरासरी २० मिनिटे. म्हणजे हा संघ वीस मिनिटांत धावणारा झाला काय? त्यातील एकही मुलगा वीस मिनिटांच्या आसपास आलेला नाही! चौघे त्याच्या पुष्कळ आधी आले, एक पुष्कळ नंतर. एका मुरगळलेल्या पायाने सर्वांची सरासरी ओढून नेली. अशा वेळी पाचही वेळा चढत्या क्रमाने मांडून मधली वेळ घ्यावी. ती १७ मिनिटे आहे. हिला गणिताच्या पुस्तकात मध्यक म्हणतात. मध्यकाला मुरगळलेल्या पायाची खबर नसते. शेवटच्या मुलास ३२ मिनिटे लागोत वा ५०, मध्यक जागचा हलत नाही. ह्याचा अर्थ सरासरी वाईट आणि मध्यक चांगला असा नव्हे. घरखर्चाचा अंदाज करावयाचा तर सरासरीच हवी. कोणता प्रश्न विचारला आहे ते पाहून साधन उचलावे. सुताराच्या पेटीत करवत आणि रंधा दोन्ही असतात.

आकड्यांवरून असे निष्कर्ष काढण्याच्या विद्येस संख्याशास्त्र म्हणतात. ह्या शास्त्रात नाव मिळविलेल्यांत आपल्याकडची माणसे आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध ह्या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांपैकी एक. शेतीचे उत्पन्न नमुन्यावरून कसे अजमावावे आणि लोकांना पुरेसे अन्न मिळते की नाही हे कसे मोजावे, ह्या प्रश्नांवर त्यांनी काम केले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत ते अनेक वर्षे होते. शर्यतीच्या निकालांपेक्षा भुकेचे आकडे कितीतरी अवघड असतात. पण विद्या एकच आहे.

वेळेची तुलना जेथे निर्धास्तपणे करता येते असे ठिकाण म्हणजे मोजून आखलेले मैदान. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथील एका शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे शाळेत जाण्यासाठी रोज सहा किलोमीटर चालत किंवा धावत जाई. पुढे तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला आणि सियाचेनच्या बर्फातही राहिला. सैन्यातच २०१५ साली तो क्रॉसकंट्री धावू लागला आणि नंतर स्टीपलचेस ह्या शर्यतीकडे वळला. ही शर्यत ३००० मीटरांची असते; तीत २८ वेळा अडथळे ओलांडावे लागतात आणि ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. ह्या शर्यतीतील भारताचा विक्रम गोपाळ सैनी ह्यांच्या नावे १९८१ पासून होता, ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा. सदतीस वर्षे तो कोणास मोडता आला नाही. २०१८ साली भुवनेश्वर येथे अविनाशने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत तो मोडला. मग तो स्वतःचाच विक्रम पुनःपुन्हा मोडीत गेला आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ नोंदविली.

ह्या सहा वर्षांत त्याने आपला विक्रम नऊ वेळा सुधारला. एकूण सुधारणा १९.८९ सेकंदांची, म्हणजे दर वेळी सरासरी २.२१ सेकंद. परंतु हे नऊ टप्पे एकसारखे आहेत असे समजू नका. सर्वांत लहान टप्पा ०.८६ सेकंदाचा आहे आणि सर्वांत मोठा ३.८६ सेकंदांचा. हा मोठा टप्पा २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत पडला. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. प्राथमिक फेरीत दुसरे धावक पुढे अडखळल्याने अविनाशची वाट दोनदा अडली. त्याने विक्रम केला, तरी वेळेच्या हिशेबाने तो अंतिम फेरीत जात नव्हता. भारतीय संघाने तक्रार नोंदविली. पंचांनी चित्रफीत पाहून त्यास अंतिम फेरीत जागा दिली. तेथे तो आणखी ३.८६ सेकंद कमी वेळात धावला. पहिल्या फेरीतील त्याची वेळ घड्याळाने अचूक सांगितली होती. ती त्याची शक्ती सांगत नव्हती.

२०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत त्यास रौप्यपदक मिळाले. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत आला, अविनाश ८ मिनिटे ११.२० सेकंदांत. अंतर एका सेकंदाच्या विसाव्या भागाचे! तीन हजार मीटर धावून, पस्तीस उड्या मारून हे अंतर जमिनीवर किती पडते? ३००० मीटरांस ४९१ सेकंद, म्हणजे एका सेकंदात सुमारे ६.१ मीटर, त्याचा विसावा भाग सुमारे ३० सेंटिमीटर. आपली मोजपट्टी टेबलावर ठेवून पाहा.

मैदान आखलेले असते म्हणून हे सारे हिशेब करता येतात. मैदान सोडून रस्त्यावर आलो, की सावध झाले पाहिजे. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याचे सामने भरले होते. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले धावली. अनवाणी, खडबडीत रस्त्यावरून, कोणत्याही शिक्षणावाचून. टाटांनी त्यांच्या वेळा पाहिल्या आणि त्या युरोपातील धावकांच्या वेळांशी ताडून पाहिल्या. त्या फारशा मागे नाहीत हे पाहून त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांकडे गोष्ट काढली आणि १९२० च्या ॲन्टवर्प ऑलिम्पिकला भारताचा लहानसा संघ गेला. एका घड्याळाने टिपलेल्या वेळांनी केवढे कार्य केले पाहा!

त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. आजच्या मॅरेथॉनच्या यादीशेजारी हा आकडा मांडला तर चौगुल्यांवर अन्याय होईल. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असे कायमचे ठरले ते १९२१ साली. ॲन्टवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता, म्हणजे ५५५ मीटर अधिक. चौगुल्यांना एका किलोमीटरास जवळजवळ ४ मिनिटे लागली. त्या हिशेबाने जादा अंतराचे सुमारे २ मिनिटे १३ सेकंद वजा केले, की आजच्या अंतरासाठी त्यांची वेळ २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंदांच्या घरात येते. विजेता हानेस कोलेहमाइनेन त्यांच्यापेक्षा दर किलोमीटरास सुमारे २५ सेकंद अधिक वेगाने धावला, हेही त्याच रीतीने काढता येते. अंतर वेगळे असले तरी भागाकाराने दोघांना शेजारी उभे करता येते.

परंतु अंतर सारखे आणि वाट वेगळी असेल तर? ह्या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून शिकलो नाही; एक चूक करून शिकलो.

मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो, तेथे एके वर्षी स्पर्धेसाठी पाच मुलांचा संघ निवडावयाचा होता. पावसाळ्याचे दिवस होते. निवडीची पहिली धाव नदीकाठच्या सपाट रस्त्यावर ठेवली, चार किलोमीटरांची. त्या दिवशी ओढ्याला पूर आल्याने पश्चिमेकडील वाड्यांतील मुले शाळेत पोहोचूच शकली नाहीत. त्यांच्यासाठी पुढील आठवड्यात दुसरी धाव घेतली. परंतु नदीकाठी चिखल झाला होता, म्हणून ती लेण्याद्रीच्या पायथ्याच्या चढणीवर घ्यावी लागली. अंतर तेच, चार किलोमीटर. आधी धावलेली दोन मुले हौसेने त्याही दिवशी धावली.

मी दोन्ही दिवसांच्या वेळा एका कागदावर चढत्या क्रमाने लिहिल्या, पहिल्या पाच नावांखाली रेघ ओढली आणि यादी पाठवून दिली. मला ते अगदी निःपक्षपाती वाटले. हाती घड्याळ होते, अंतर सारखे होते. कोणाचा मुलगा, कोणत्या वाडीचा, हे मी पाहिले नव्हते. पहिल्या पाचांच्या वेळा १६ मिनिटे १० सेकंदांपासून १७ मिनिटे ५० सेकंदांपर्यंत होत्या. वाडीवरून येणारा एक मुलगा चढणीवर पहिला आला होता. त्याची वेळ १९ मिनिटे १५ सेकंद. हे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. एकत्र यादीत तो सातवा की आठवा आला आणि रेघेखाली राहिला.

दोन दिवसांनी आठवीतील एक मुलगी कागदाची नक्कल करून माझ्याकडे आली. ती म्हणाली, “सर, ही दोन मुले दोन्हीकडे धावली आहेत. त्यांच्या वेळा पाहिल्यात का?” मी पाहिल्या नव्हत्या. एकास सपाटीवर १७ मिनिटे लागली होती आणि चढणीवर १९ मिनिटे ५० सेकंद. दुसऱ्यास सपाटीवर १७ मिनिटे ५० सेकंद आणि चढणीवर २१ मिनिटे. चढणीने एकाचे २ मिनिटे ५० सेकंद खाल्ले, दुसऱ्याचे ३ मिनिटे १० सेकंद. म्हणजे सरासरी ३ मिनिटे. तेवढी वजा केली, की वाडीवरच्या मुलाची सपाटीवरची वेळ १६ मिनिटे १५ सेकंद येत होती. पाच जणांच्या यादीत तो दुसरा!

मी तिला म्हणालो, “दोनच मुलांवरून एवढे ठरविणे बरे नाही.” आक्षेप अगदी चुकीचा नव्हता. शिवाय वेगाने धावणाऱ्याचे चढणीवर कमी नुकसान होते, म्हणून सर्वांच्या वेळेतून सारखी मिनिटे वजा करण्यापेक्षा प्रमाण घेणे अधिक बरे. मग आम्ही दोघांनी तसेही केले. चढणीवर दोघांना सुमारे १७ टक्के वेळ अधिक लागला होता; त्या प्रमाणाने त्या मुलाची वेळ १६ मिनिटे २७ सेकंद आली. यादीतील दुसऱ्या मुलाची वेळ १६ मिनिटे ४० सेकंद होती. म्हणजे ह्या रीतीनेही तो दुसराच. दोन मुलांच्या पुराव्यावरून तो १६ मिनिटे १५ सेकंदांचा की २७ सेकंदांचा हे सांगता येत नव्हते. परंतु तो पहिल्या पाचांत होता ह्याविषयी शंका उरली नाही. ज्यावर शंका घ्यावी आणि ज्यावर घेऊ नये ह्यांची अशी वाटणी मला त्या मुलीने शिकविली.

यादी एव्हाना गेली होती आणि नावे बदलण्याची मुदत संपली होती. मुलगा दहावीत होता. त्यास दुसरी संधी नव्हती. मी त्यास बोलावून सारा हिशेब दाखविला आणि माझी चूक झाली असे सांगितले. त्याने कागद पुष्कळ वेळ पाहिला. मग त्याने विचारले, “म्हणजे सर, मी हळू धावलो नव्हतो?” मी म्हणालो, “नाही. तू चढण धावलास.” त्याने तो कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

त्या वर्षापासून शाळेच्या खेळांच्या नोंदवहीत नाव, अंतर आणि वेळ ह्यांच्या पुढे आणखी दोन रकाने आखले जाऊ लागले. एकावर ‘वाट’ असे लिहिले आणि दुसऱ्यावर ‘त्या दिवशीची हवा’. पहिले पान त्या मुलीनेच आखून दिले. पट्टी न वापरल्यामुळे त्याच्या रेघा जरा वाकड्या आल्या आहेत.